आधी चौकशी, मग पाना

हवालदारांचा मला पहिल्या भेटीतच राग आला. चार-पाच वर्षं झाली त्याला, पण तो राग पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही. कारण साधं होतं. आमची मोटार बिघडली होती, मी घाईत होते, आणि हा माणूस मला गप्प बस म्हणाला.

मला गप्प बस म्हणणारे तोवर बरेच भेटले होते. साखर कारखान्याचे संचालक, कॉलेजचे प्राचार्य, माझा थोरला भाऊ. प्रत्येकावर मी एकेक पत्रक काढलं होतं. भावावरचं तेवढं छापलं गेलं नाही, कारण वडिलांनी मसुदा चुलीत घातला.

कोरेगावात स्टेशनच्या रस्त्याला, लिंबाखाली हवालदारांची पत्र्याची शेड होती. वर पाटी : 'आधी चौकशी, मग पाना.' आणि खाली बारीक अक्षरांत : 'रोगाचे नाव ठरवून येणाऱ्यांनी दुसरीकडे जावे.' मालकाचं नाव, गाव, काही नाही. उमर फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे सगळा तालुका त्यांना हवालदार म्हणायचा. त्यांची बायकोसुद्धा. "हवालदार, भाकरी झालीया," अशी हाक आतून आली की हातातला पाना जिथल्या तिथं ठेवून ते ताठ चालत आत जायचे, मग बॉनेटखाली जीव कुणाचाही अडकलेला असो.

ती पाटी थट्टेची नव्हती. सांगलीचा एक हळदीचा व्यापारी मुद्दाम त्यांचं नाव ऐकून आला आणि म्हणाला, "पाण्याचा पंप गेलाय, बदलून द्या." हवालदारांनी त्याच्या हातात पाना दिला. "मग बदला की. तुमास्नी ठावं हाय म्हंजी निम्मं काम झालं." आणि जेवायला गेले. व्यापारी तासभर पाना धरून उभा होता म्हणे. पंपाला काही झालं नव्हतं, पट्टा सैल होता.

आमची मोटार म्हणजे विलायती बनावटीची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. फलटणकडच्या एका ऊसवाल्या बागाईतदारानं संघटनेला दान दिलेली. आमची संघटना पाण्यासाठी भांडणारी, सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत हिंडणारी, त्यामुळे मोटार मिळाली तेव्हा आम्ही हुरळलो. वर्षभरात तिनं रंग दाखवला. उभी असली की इंजिन असं थरथरायचं की मागच्या सीटवरच्या माणसाला वाटावं, हिवताप आपल्यालाच भरलाय. समोरून एस.टी. आली म्हणून थांबलं की बंद. आणि चढ लागला की काटा थेट लाल रेघेत आणि बॉनेटमधून वाफ.

माझं निदान तयार होतं. बागाईतदारानं जाणूनबुजून सडकी गाडी आमच्या गळ्यात मारली होती. पत्रकही छापून तयार होतं : 'भंगाराचे दान, शोषितांचा अपमान!' त्याची एक प्रत मी हवालदारांच्या हातात ठेवली. त्यांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत सगळं वाचलं, घडी घातली आणि त्या घडीनं इंजिनातल्या तेलाची पट्टी पुसली.

"कागद झाक हाय. शाई सुटत न्हाई," म्हणाले. "आता सांगा, काय हुतंय?"

"तो माणूस मुळातच—"

"माणूस न्हाई इचारला. गाडी."

"मामा, कार्बोरेटर गेलाय," आमचा दिनू मध्येच बोलला. दिनू म्हणजे आमचा ड्रायव्हर, कार्यकर्ता, भिंती रंगवणारा आणि सभेत पहिली टाळी वाजवणारा.

"पाटी वाचाया येती का रं तुला?"

मग हवालदारांनी मला जे विचारलं ते ऐकून मला वाटलं, हा मोटार बघतोय की सोयरीक जुळवतोय. थरथर सकाळी जास्त का दुपारी? चालताना जाते का राहते? चढाला गाडीत किती माणसं? पाणी उकळल्यावर काटा आधी चढतो का वाफ आधी येते? शेवटचं धड कधी चालली? त्यानंतर तिला कुणी हात लावला?

"हवालदार," मी म्हणाले, "आज गुरुवार आहे. सोमवारी अकरा वाजता आम्हाला सांगलीत पाहिजे. तुम्ही फक्त दुरुस्त करा."

"पत्रकबाई," ते म्हणाले, आणि तेच नाव मला पुढं कायमचं चिकटलं, "जरा गप बसतीस का?"

सोमवारची गोष्ट अशी होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावची सार्वजनिक विहीर. तिच्यावर गावातल्या एका बड्या असामीनं स्वतःचं इंजिन बसवलं, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप ठोकलं. खालच्या आळीतल्या बायका दोन मैलांवरच्या ओढ्यात झरे उकरून पाणी आणत होत्या. त्यांनी अंगठे उठवून अर्ज केला होता, आणि त्याच्या चौकशीला नेमलेले साहेब सोमवारी सांगलीत पाच बायकांच्या जबान्या घेणार होते. बायका हजर राहिल्या नाहीत तर अर्ज निकाली, हे कागदावर स्पष्ट लिहून आलं होतं. त्या गावातून सांगलीला जाणारी एकुलती एक एस.टी. दुपारी सुटायची, आणि आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करायला सांगलीत बायकांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणजे मोटार चालली तर विहीर, नाहीतर ओढा.

हे सगळं मी त्यांना उभ्यानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी चूक करून चालायचं न्हाई. मग तर घाई आजाबात नगं."

शुक्रवारी सकाळी गाडी गार असताना त्यांनी इंजिन सुरू करायला लावलं. त्याआधी "सावधान!" असा हुकूम दिला, इंजिनाला. बंद करताना "विश्राम". मग चहाचा काचेचा ग्लास अर्धा पाण्यानं भरून इंजिनाच्या डोक्यावर ठेवला आणि त्या पाण्यावरच्या लाटा बघत पाच मिनिटं उकिडवे बसले. मध्येच एक लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली. मी घड्याळ बघत होते. शेवटी कोरडं फडकं हाताला गुंडाळून त्यांनी चार सिलिंडरांपैकी एकाच्या प्लगची वायर उपसली. इंजिन अडखळलं. परत लावली. दुसरी काढली, अडखळलं. तिसरी काढली, आणि काहीच झालं नाही. ग्लासातली लाटसुद्धा बदलली नाही. चौथीला पुन्हा अडखळलं.

"तिसरा झोपलाय," ते म्हणाले. "चौघांचं काम तिघं ओढत्यात. थरथरणार न्हाई तर काय?"

दिनूला हे इतकं आवडलं की त्यानं ते पुन्हा करून बघितलं. हवालदार म्हणाले, "तुमच्या कमिटीत बी असंच करावं. एकेकाला एक दिस गप बसवायचं. ज्याच्या गप बसण्यानं काय बी फरक पडत न्हाई, त्यो झोपलाय समजायचं."

"पयलं कुणाला बसवायचं, मामा?" दिनूनं विचारलं.

दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. मी दिनूवर पत्रक काढण्याचा विचार केला होता, पण ते वाटणार कोण?

तिसऱ्याचा प्लग त्यांनी दुसऱ्याला लावून बघितला, तरी तिसराच झोपलेला. म्हणजे प्लग निर्दोष. मग त्यांनी आतून अंगाचा साबण मागवला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, "ह्या महिन्यात तिसरी वडी," म्हणून दिली. साबणाचा दाट फेस करून इंजिनाला हवा-पेट्रोल पोचवणाऱ्या नळीच्या सांध्याला त्यांनी बोटानं चोपडला. फेस एके ठिकाणी सुळकन आत ओढला गेला आणि इंजिन घडीभर शहाण्यासारखं, एका लयीत चालायला लागलं. ग्लासातलं पाणी स्थिर झालं. मीसुद्धा श्वास रोखला होता, हे मी इथं पहिल्यांदाच कबूल करते.

"हितनं चोरून हवा पितोय. सांध्याचा कागद फाटलाय. त्यानं थरथर बी, आन थोडी ऊब बी. पर एवढ्यानं पाणी उकळायचं न्हाई," ते म्हणाले. "आजून एक चोर हाय."

दुसरा चोर संध्याकाळी सापडला. इंजिनातून रेडिएटरकडं पाणी जातं तिथलं तोंड त्यांनी उघडलं, आत बोट घातलं, चष्मा पुसला, परत बोट घातलं.

"दरवाजा कुठाय?"

दिनूनं माझ्याकडं बघितलं. कुणी बघितलं नसतं तर मी काही बोलले असते असं नाही, पण आता इलाज नव्हता.

"मी काढायला सांगितला," मी म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात."

"कशापायी?"

"दिनूनं उघडून दाखवलं, की हे वाटीएवढं झाकण पाण्याच्या वाटेत बसवलंय. पाणी अडवतंय. मी म्हटलं, पाणी अडवणारी कुठलीही वस्तू आपल्या संघटनेच्या गाडीत राहता कामा नये. शिवाय ते विलायती थंडीसाठी केलेलं. आपल्याकडं त्याची गरजच काय?"

हवालदारांनी आधी चष्मा काढला. मग टायरवर बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग असा हसण्याचा गडगडाट की काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "आगं आयकलंस का? हिनं थर्मोस्टॅटवर मोर्चा काढला!"

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी विचारलं. "तत्त्वाचा प्रश्न होता."

"आगं पोरी, त्यो अडवत न्हाई, वाट लावून देतोय. इंजिन गार असलं की पाण्याला हितल्या हितं फिरवायचं. तापलं की रेडिएटरकडं धाडायचं आन हितली आखूड वाट बंद करायची. तू दारच काढून टाकलंस. आता निम्मं पाणी आखूड वाटंनंच घिरट्या घालतंय, रेडिएटरचं तोंड बी बघत न्हाई. चढाला उकळंल न्हाई तर काय करंल?"

"आणि तो बागाईतदार?"

"त्याचा काय संबंध? त्यानं गाडी चांगली दिलीवती. जुनी, पर चांगली."

त्या दिवसातलं हे मला सगळ्यात जास्त लागलं.

शनिवारी ते सकाळच्या गाडीनं साताऱ्याला जाऊन भंगारवाल्याकडून तीन जुने दरवाजे घेऊन आले. ते काकूंच्या दुधाच्या पातेल्यात पाणी घालून चुलीवर उकळले. काकू म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं माज्या पातेल्यात दुदापरीस लोखांड जास्त शिजलंय." तिन्हींपैकी एकच दरवाजा पाणी तापल्यावर उघडला आणि गार झाल्यावर मिटला. हवालदारांनी तो पाच वेळा उकळला. मी म्हणाले, एकदा उघडला की पुरे की. ते म्हणाले, "एकडाव तर कुणी बी खरं वागतंय."

रविवारी गाडी तयार झाली आणि हवालदार स्वतःच पुढच्या सीटवर येऊन बसले. चाचणी झाल्याशिवाय त्यांच्या शेडमधून गाडी सुटत नसे, आणि त्यांच्या मते चाचणी म्हणजे गाडी ज्या कामाला चालली ते काम पुरं होणं.

रात्री त्या विहिरीच्या गावात मुक्काम करून सोमवारी पहाटे निघालो. पाच बायका, दिनू, हवालदार आणि मी. पाचांची पुढारी तानूबाई, साठीची, पहिल्यांदाच मोटारीत बसलेली, खिडकीची काच वर-खाली करून तिचा जीव खाणारी. वाटेतल्या मोठ्या चढाच्या मध्यावर हवालदारांनी गाडी थांबवली.

"काटा तर मध्येच आहे!" मी ओरडले.

"काट्याला इचारलं. आता गाडीला इचारतो."

ते उतरून रेडिएटरवर तळहात ठेवून उभे राहिले आणि मोठ्यानं तेराचा पाढा म्हणायला लागले. हा त्यांचा नेम. पाढा पुरा होईपर्यंत हात टिकला तरच गाडी ठीक. तेर नव्वं सतरासेला हात तिथंच होता. तानूबाई खिडकीतून म्हणाली, "आवं हवालदार, जरा बिगीबिगी म्हणा की. न्हाईतर दोनाचा म्हणा!" बायका खिदळल्या. मी त्यांना परिस्थितीचं गांभीर्य समजावून सांगितलं. त्या आणखी खिदळल्या.

सांगलीत आम्ही साडेदहाला पोचलो. गाडी एकदाही बंद पडली नाही. कचेरीसमोर हवालदारांनी बॉनेटवर ग्लास ठेवून इंजिन चालू ठेवायला लावलं. पाणी जेमतेम शहारत होतं.

साहेब आले बारा वाजता. म्हणाले, दहा मिनिटं आहेत, कारखान्यावर समारंभ आहे, जेवणही तिथंच आहे. आणि इथं माझ्या हातून जे झालं ते मी लपवणार नाही. मी उभी राहिले आणि प्रस्तावना केली. पाण्याचा हक्क, सत्तेचा माज, बागाईतदार-नोकरशहा संगनमत. भाषण चांगलं झालं. दिनूनं टाळीसुद्धा वाजवली. भाषण संपलं तेव्हा दहा मिनिटंही संपली होती आणि पाच बायकांपैकी एकीनंही तोंड उघडलेलं नव्हतं.

"लेखी द्या," म्हणत साहेब उठले. "आज जमणार नाही."

तानूबाईनं माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "बाय, आमी का आल्तो मग?"

बाहेर साहेबांची जीप सुरू करून ठेवली होती. साहेब पायऱ्या उतरतात तो हवालदार जीपपुढं उभे. स्क्रूड्रायव्हर इंजिनाला, मूठ कानाला, चेहरा मयताला आल्यासारखा. त्यांनी साहेबांना कडक सलाम ठोकला.

"साहेब, ही गाडी घिऊन जाऊ नगा."

"का? तुम्ही कोण?"

"फौजेतला मिस्तरी. रेडिएटर गाळानं गच भरलाय. कारखाना दूरच, गावाबाहेर बी जायची न्हाई. उकळून इंजिन धरंल."

"आवं पर..." जीपचा ड्रायव्हर पुढं आला.

"सावधान!" हवालदार कडाडले. ड्रायव्हर खरोखरच ताठ उभा राहिला. तोवर हवालदारांनी इंजिन बंद करून प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून खिशात घातलं होतं. त्याच्याशिवाय जीप सुरू होणार नव्हती.

"किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

"गार झाल्याबिगर टोपण उघडता येत न्हाई. मग धुवायचा. बसा साहेब सावलीला."

साहेब व्हरांड्यातल्या बाकावर बसले. त्या बाकावर पाच बायका आधीच बसल्या होत्या. बसल्या बसल्या साहेबांनी तानूबाईला विचारलं, "काय बाई, किती लांब आहे ओढा?"

मी तोंड उघडलं. दिनूनं माझ्या पायावर पाय दिला. मी ते बंद केलं.

"लांबीचं काय न्हाई साहेब," तानूबाई म्हणाली. "झऱ्यात वाटीनं भराया लागतंय. एका घागरीला नव्वद वाट्या."

"नव्वद कुठल्या," शेजारची म्हणाली. "हिची वाटी मोठी हाय. मला सव्वाशे लागत्यात."

"आगं पर तुजी घागर बी मोठी हाय!"

यावर भांडण जुंपलं. साहेबांनी कागद मागवला. कुलूप कुणी लावलं, पाहिलंय का, असं विचारलं.

"किल्ली त्येच्या करदोट्याला हाय. आंघुळीला बी सोडत न्हाई."

"तुम्हाला काय माहीत आंघोळीचं?"

"आवं, उघड्यावर करतोय की! आमच्याच इहिरीच्या पाण्यानं!"

साहेब हसले, आणि लिहीत गेले. पाचही जणींचं लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठे घेतले. दीड तास गेला. तितका वेळ हवालदार जीपचा रेडिएटर धूत होते आणि ड्रायव्हर शेजारी ताठ उभा होता.

दोन आठवड्यांत कुंपण निघालं, कुलूप निघालं. मी पेढे घेऊन कोरेगावला गेले. सोबत नव्या पत्रकाचा मसुदा होता, त्यात हवालदारांवर एक अख्खा परिच्छेद. शेड बंद. काकू दारात.

"आत हायती. दोन दिस धड जेवलं न्हाईत."

हवालदार भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडले होते. मी पेढा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"जीप धडधाकट होती," भिंतीलाच सांगितलं त्यांनी. "सगळ्या नोकरीत मी निरोगी गाडीला आजारी म्हणलो न्हाई. त्या दिशी म्हणलो."

"पण विहीर उघडली, हवालदार!"

"उघडली ते झाकच झालं. पर गाडीवर खोटा आळ घेतला. परवा गेलो सांगलीला, साहेबाला म्हणलो, मी खोटं बोललो, काय ती सजा द्या."

मी बाजेच्या कडेलाच बसले. माझ्या मसुद्यात साहेबांवरही परिच्छेद होता. "मग? काय म्हणाले ते?"

"हसला. म्हणला, हवालदार, मला तवाच ठावं हुतं. समारंभाला मला बी जायचं नव्हतं, बरं निमित्त घावलं." ते उठून बसले. डोळे लाल झाले होते. "म्हणला, त्यो रेडिएटर आदल्याच हप्त्यात नवा बसवलाय!"

मी हसू दाबलं. दाबलं नसतं तर बरं, कारण त्यांना ते दिसलंच.

"नवाकोरा, पत्रकबाई! रंगाचा वास येत आसंल त्याला! दीड तास धुतला मी, आन माज्या ध्येनात आलं न्हाई." त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं, खोटंच बोलायचं हुतं, तर पाण्याचा पंप गेला म्हणाया काय हुतं मला?"